मराठी बाजूला ठेवू नका : जर्मन शिकणाऱ्या वाचकांचे प्रश्न

जर्मनीला माणसं हवीत ही बातमी आता आपल्याकडं तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला. पूर्वी हौशीनं विचारायचे, आता पोटापाण्यासाठी विचारतात. म्हणून या वेळी मोजकीच पाच पत्रं घेतली आणि उत्तरं मोकळेपणानं लिहिली.

माझ्याबद्दल एवढंच सांगते, की माझं माहेर उदगीरचं. वडील एसटीत कंडक्टर होते. मी पुण्यात जर्मन शिकले आणि बरीच वर्षं छत्रपती संभाजीनगरात शिकवते आहे.

प्रश्न : मी अंबाजोगाईची, बी. एस्सी. नर्सिंग झालेली आहे. वय २७. जर्मनची ए-टू पातळी झाली, पण त्यापुढच्या बी-वन परीक्षेत ऐकणं आणि बोलणं या दोन भागांत राहिले. आमचा क्लास इंग्रजीतून चालतो. नामाआधी लिंगानुसार लागणारे डेर, डी, डास पाठच होत नाहीत. इंग्रजी कच्चं आहे म्हणून जर्मन जमत नाही का? एका एजंटनं तीन महिन्यांत त्याच्याही वरची बी-टू पातळी करून देतो असं सांगितलं आहे. पैसे भरू का?

पैसे भरू नकोस, ताई. शून्यापासून बी-टूपर्यंत जायला, जर्मन शिकवणारी आणि परीक्षा घेणारी गोएथे इन्स्टिट्यूट ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका धरते. रोज चार तासिका, आठवड्याचे पाच दिवस, असा हिशेब केलास तरी ३० ते ४० आठवडे होतात. तू ए-टू पार केलं आहेस, तेवढं अंतर कमी. पण ड्यूटी सांभाळून उरलेलं तीन महिन्यांत होत नाही. परिचारिका म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-टू लागतं, आणि तिथं वॉर्डात उभी राहिल्यावर तुला कागद वाचवणार नाही, कान वाचवेल. आणि बी-वनचे चारही भाग सुटे असतात. प्रत्येकात शंभरपैकी ६० लागतात. जे दोन राहिले तेवढेच पुन्हा देता येतात. त्यामुळं सगळं पाण्यात गेलं असं मनात आणू नकोस.

आता इंग्रजीचं. इंग्रजी कच्चं असल्यामुळं तुझं अडलेलं नाही. तू मराठीतून जर्मनकडं जाण्याऐवजी इंग्रजीला वळसा घालून जाते आहेस, तिथं अडलं आहे. माझंही पुण्यात पहिलं वर्ष असंच वाया गेलं. मग एकदा वसतिगृहात थंडीनं कुडकुडत होते आणि मनात वाक्य जुळवत होते. इंग्रजीवरून ‘इश बिन काल्ट’, म्हणजे ‘मी थंड आहे’, असं जुळवलं. ते चूक. म्हणायचं असतं ‘मीर इस्ट काल्ट’. मीर म्हणजे मला. मला थंडी वाजते! मी थंड नाही, मला थंड आहे. आपल्या आज्या-पणज्या जसं बोलल्या अगदी तसं. त्या दिवसापासून वहीतला इंग्रजीचा रकाना मी काढून टाकला. एका बाजूला जर्मन, एका बाजूला मराठी. आजही माझ्या वर्गात तीच वही चालते.

तुझ्याच कामातलं वाक्य घे. ‘पेशंटला गोळी देणं.’ जर्मनमध्ये ‘डेम पात्सिएन्टन डी टाब्लेटे गेबन’. पेशंटला, गोळी, देणं. शब्दाला शब्द ठेवून बघ, क्रम तोच. इंग्रजीत आधी देणं येतं, मग गोळी, मग पेशंट. ‘कारण मला आज नाइट ड्यूटी आहे’ यात आपलं ‘आहे’ शेवटी असतं. जर्मनमध्येही ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, आलं की क्रियापद वाक्याच्या टोकाला जातं. इंग्रजी माध्यमातली मुलं या नियमावर महिनाभर रडतात. तू तर जन्मापासून हेच करते आहेस.

आकडे तसेच. एकवीस म्हणजे एक आणि वीस. जर्मनमध्ये ‘आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश’, म्हणजे एक-आणि-वीस. पंचवीस म्हणजे ‘फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश’. आधी एकक, मग दशक. ऐकण्याच्या परीक्षेत फोन नंबर, वेळ, खोलीचा क्रमांक हमखास येतो, आणि इंग्रजीतून विचार करणारा ५२ ऐकून २५ लिहितो. तू आकडा मराठीत ऐक. ‘त्स्वाय-उन्ट-फ्युन्फत्सिश’ कानावर पडलं की लगेच मनात ‘बावन्न’ म्हण. दोन आधी, पन्नास नंतर.

डेर, डी, डासचं मला सविस्तर सांगायचं आहे, कारण मराठी मुलींनी यापुढं हात टेकलेले बघितले की मला वाईट वाटतं. इंग्रजीत नामाला लिंग धरतच नाहीत, हिंदीत दोनच. आपल्याकडं तो, ती, ते अशी तीन, जर्मनमध्येही तीन. ठेचा करपला, भाकरी करपली, पिठलं करपलं. हे तुला कुणी तक्ता करून शिकवलं होतं का? पिठलं नपुंसकलिंगी आहे हे तू कधी पाठ केलं नाहीस. ‘पिठलं करपलं’ हे आईच्या तोंडून अख्खं ऐकलंस आणि ते ‘लं’ कानात बसलं. तेच इथं कर. ‘टिश, डेर’ असं सुटं पाठ करू नकोस. ‘डेर टिश इस्ट आल्ट’, टेबल जुनं आहे, ‘आइन आल्टर टिश’, एक जुनं टेबल, अशी दोन तुकड्यांची जोडी मोठ्यानं म्हण. त्या ‘आल्टर’मधला ‘र’ म्हणजे तुझ्या ‘पिठलं करपलं’मधला ‘लं’.

एक मात्र ध्यानात ठेव. मराठीतलं लिंग उचलून जर्मनवर ठेवायचं नाही. आपलं टेबल ‘ते’, त्यांचं ‘तो’. आपला सूर्य ‘तो’, त्यांची झोने ‘ती’. तुझ्याकडं तीन लिंगं ऐकायची सवय आहे, ती वापर. तयार उत्तरं मराठीत मिळणार नाहीत.

काही ठिकाणी मात्र दोन्ही भाषांची समजूत इतकी सारखी आहे, की मी वर्गात सांगताना दर वेळी थांबते. मुलगी म्हणजे ‘मेडशन’, आणि ते नपुंसकलिंगी आहे, ‘डास मेडशन’. मुलगी नपुंसकलिंगी कशी म्हणून सगळे बुचकळ्यात पडतात. आपण काय म्हणतो? ‘ते पोरगं कुठं गेलं?’ ‘लेकरू रडायलंय.’ वासरू, कोकरू, पिल्लू, सगळी ‘ते’. लहान जीव म्हटला की आपण नपुंसकलिंग लावतो. जर्मनमध्ये ‘शन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे. तो लागला की शब्द ‘डास’ होतो, मग मूळ लिंग कुठलंही असो.

दुसरं, ‘उंग’. बेहान्डलुंग म्हणजे उपचार, उन्टरझूखुंग म्हणजे तपासणी, इम्पफुंग म्हणजे लसीकरण, ब्लूटुंग म्हणजे रक्तस्राव, लेमुंग म्हणजे लकवा. क्रियापदाला हा ‘उंग’ लागून झालेलं नाम नेहमी ‘डी’. आता आपल्याकडचं ‘णी’ बघ. पेरणी, कोळपणी, खुरपणी, काढणी, तपासणी, चाचणी. क्रियेला ‘णी’ लागला की ‘ती’. शेतकऱ्याच्या घरातली असशील तर हा नियम तुझ्या अंगणातलाच आहे. उंग आला की णी आठव. तुझ्या वॉर्डातले कितीतरी शब्द एका दिवसात ‘डी’खाली जातील.

मराठी फसवते ते ठिकाणही सांगते, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. आपला ‘ला’ दोन कामं करतो. ‘मी त्याला पाहिलं’ आणि ‘मी त्याला मदत केली’, दोन्हीकडं ‘त्याला’. जर्मनमध्ये पहिला ‘ईन’, दुसरा ‘ईम’. तसंच, ‘ती खोलीत गेली’ आणि ‘ती खोलीत आहे’, आपलं ‘खोलीत’ हलत नाही, त्यांचं ‘खोली’च्या आधीचं ‘डास’ जागेवर असताना ‘डेम’ होतं. इथं मराठीचा आधार नाही, घासावंच लागतं. आणि साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर ठेवायची सवय लागायला मला स्वतःला दोन वर्षं लागली. ‘आज जाते मी दवाखान्यात’ असं बोलायचं. ओवी म्हटल्यासारखं वाटतं सुरुवातीला.

बोलण्याच्या भागासाठी वॉर्डच वापर. रुग्ण दुखतंय म्हणतो तेव्हा तू मराठीत लगेच ओळखतेस की कळ आहे, ठणका आहे, आग होतेय, का टोचतंय. क्लासच्या वहीत मात्र त्या सगळ्यांपुढं इंग्रजीतला एकच शब्द लिहिलेला असतो. जर्मन लोक आपल्यासारखेच वेगवेगळं सांगतात. टोचणारी वेदना ‘श्टेखन्ट’, आग होणारी ‘ब्रेनन्ट’, ठणकणारी ‘पोखन्ट’, ओढ लागल्यासारखी ‘त्सीअन्ट’, आणि बोथट, दबकी दुखणारी ‘डुम्प्फ’. रोज ड्यूटी संपताना एका रुग्णाबद्दल पाच वाक्यं फोनवर जर्मनमध्ये रेकॉर्ड कर. नाव घ्यायचं नाही, गाव सांगायचं नाही. आठवड्यानं तेच पुन्हा ऐक. आपली चूक आपल्याच कानाला खुपते तेव्हा ती सुटते. ऐकण्यासाठी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या घे. फुकट आहेत, सोबत मजकूरही असतो. आधी न वाचता दोनदा ऐकायचं, मग वाचायचं, मग डोळे मिटून तिसऱ्यांदा.

उच्चारात तुला एक देणगी आहे. ‘चूल’, ‘चोर’, ‘चाक’ यातला ‘च’ म्हण, मग ‘चहा’, ‘चार’ यातला म्हण. पहिला वेगळा आहे ना? तोच जर्मनचा ‘त्स’. दात म्हणजे ‘त्सान’, दहा म्हणजे ‘त्सेन’. हिंदी बोलणाऱ्याला हा आवाज मुद्दाम बसवावा लागतो. ‘इश’ मी इथं ‘श’नं लिहिलं, पण तो खरा ‘श’ नाही. ‘ह्या’ म्हणताना सुरुवातीला जी हवा घासून जाते तेवढीच ठेव. आणि यूवर दोन टिंबं असतात तेव्हा जिभेनं ‘ई’ म्हणायचं आणि ओठ ‘ऊ’सारखे ठेवायचे. आरशासमोर कर.

तिथं परिचारिकेला पूर्वीपासून ‘क्रांकनश्वेस्टर’ म्हणत आले, म्हणजे आजाऱ्यांची बहीण. २०२० पासून शिक्षणाच्या कायद्यात पदवीचं नाव बदललं, तरी म्हातारी माणसं ‘श्वेस्टर’ अशीच हाक मारतात. आपल्याकडं ‘सिस्टर’ म्हणतात तशीच. हाक ओळखीची असेल, तेवढा धीर राहू दे.

प्रश्न : मी लातूरचा, बारावी झालो. अ‍ॅपवर २४० दिवस एकही दिवस न चुकवता जर्मन करतोय. दीड हजारावर शब्द पाठ आहेत. पण समोर कुणी बोललं की एक वाक्य तोंडातून निघत नाही. पाठांतरात मी कधीच कमी पडलो नाही. मग हे असं का?

तुझी चिकाटी मोठी आहे, ती सोडू नकोस. लातूरच्या मुलांचा बसून अभ्यास करण्याचा वकूब मी जवळून पाहिला आहे. पण परीक्षेत प्रश्न ठरलेला असतो आणि उत्तर ओळखायचं असतं. अ‍ॅपवरही तू ओळखतोच आहेस. चार पर्यायांतून बरोबर बोट ठेवणं वेगळं आणि रिकाम्या तोंडातून वाक्य काढणं वेगळं. ते तू २४० दिवसांत केलंच नाहीस.

माझ्या वडिलांची गोष्ट सांगते. उदगीर-बीदर गाडीवर लागले तेव्हा त्यांना कन्नडचा गंध नव्हता. पहिल्या आठवड्यात ते दोन शब्द शिकले, ‘एल्लिगे’ म्हणजे कुठं जायचं, आणि ‘चिल्लरे’ म्हणजे सुटे पैसे. त्यांचं काम त्या दोन शब्दांवर अडत होतं म्हणून. मग ‘पुढं सरका’, मग ‘गाडी थांबणार नाही’, मग म्हाताऱ्या बाईला ‘बसा, घाई नाही’. महिन्याभरात पन्नासेक वाक्यं झाली, आणि सगळी रोज दोनशे माणसांसमोर वापरलेली. पाच वर्षांनी ते कन्नडमध्ये भांडायचे आणि समजूतही घालायचे. त्यांनी यादी केली नाही कधी. पण जे वाक्य आज लागलं आणि आलं नाही, ते घरी येऊन आईला सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी कुणालातरी विचारून घ्यायचे.

तूही तेच कर. दिवसभरात तू खरंच जी वाक्यं बोलतोस त्यातली पन्नास लिही. ‘मेसचा डबा आला का?’ ‘दोन दिवस नळाला पाणी नाही.’ ‘बाबा, पैसे पुढच्या आठवड्यात पाठवले तरी चालतील.’ ती जर्मनमध्ये करून घे, शिक्षकाकडून तपासून घे आणि मोठ्यानं बोल. मग एका वाक्यातला एकच शब्द बदल. डब्याच्या जागी पत्र, पाण्याच्या जागी वीज. दीड हजार शब्द तुझ्याजवळ आहेतच, त्यांना बसायला जागा हवी.

पाठांतर टाकून दे असं मी म्हणत नाही, फक्त त्याची वेळ बदल. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकानं १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांची मांडणी केली. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळानं किती विसरलो ते मोजायचं. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच होतो आणि मग वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. म्हणून एका रात्रीत शंभर वेळा घोकण्यापेक्षा आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी असं उजळणं चांगलं. १९७२ मध्ये झेबास्टियान लाइटनरनं यासाठी खोक्याची युक्ती सांगितली. बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे कर. चिठ्ठीवर पुढं मराठी वाक्य, मागं जर्मन. आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, शेवटचा महिन्यातून एकदा. चिठ्ठीवर मराठी बाजू वर ठेवायची, म्हणजे जर्मन तोंडातून काढावं लागतं.

प्रश्न : मी देगलूर तालुक्यातल्या खेड्यातला आहे, सध्या मोठ्या शहरात जर्मन शिकतो. मी मराठी बोललो तरी वर्गात हसतात. ‘आधी शुद्ध मराठी शीक, मग जर्मन’ असं मला म्हणाले. माझी भाषा गावठी आहे म्हणून मला परकी भाषा येणार नाही का?

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

पुण्याला पहिल्याच आठवड्यात मी ‘कामून?’ म्हणाले आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ते तसंच म्हणून दाखवलं. सगळे हसले. मी नंतर तीन महिने वर्गात तोंड उघडलं नाही. भाषेच्या वर्गात न बोलता बसणं म्हणजे विहिरीवर जाऊन घागर पालथी ठेवणं. ते तीन महिने माझे गेले ते गेलेच. तुझे जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे.

तुझ्या बोलीत काय आहे ते बघ. ‘काय करायलास?’ ‘जेवायलो.’ क्रिया आत्ता चालू आहे हे आपण एका शब्दात सांगतो. जर्मन पाठ्यपुस्तकात यासाठी वेगळं रूप नाही, ‘इश एसे’ म्हणजे जेवतो आणि जेवत आहे, दोन्ही. पण ऱ्हाइन नदीच्या पट्ट्यात लोक बोलताना म्हणतात ‘इश बिन आम एसन’. मी जेवणावर आहे, जेवायलो. पुस्तकी भाषेत नसलेली सोय तिथल्या बोलीनं केली, आपल्या बोलीनंही केली. हे मला कळलं तेव्हा मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन एकटीच ते वाक्य दोन्ही भाषांत मोठ्यानं म्हटलं होतं.

आणि ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी आपल्या राज्याचा करार झाला, तिथली श्वेबिश बोली बाकीच्या जर्मनांना अवघड वाटते. त्या राज्यानं १९९९ मध्ये आपल्या जाहिरातीला घोषवाक्य घेतलं, ‘वीर क्योनन आलेस. आउसर होखडॉइच.’ आम्हाला सगळं येतं, प्रमाण जर्मन सोडून. एका श्रीमंत, कारखानदार राज्यानं हे अभिमानानं फलकांवर लावलं. तू तिथं गेलास तर तुझ्या कानाला बोलीची सवय असणं कामालाच येईल.

शिवाय तू देगलूरचा. घरी मराठी, बाजारात तेलुगू, पलीकडच्या गावात कन्नड, मित्रांत दखनी, हे तुझ्यासाठी रोजचं असेल. माझे आजोबा निजामाच्या काळात उर्दू माध्यमात शिकले, सही मोडीत करायचे, व्यापाऱ्यांशी कन्नड बोलायचे आणि देवाजवळ मराठी. आपल्या भागात हे कुणाला विशेष वाटलं नाही. एका भाषेतून दुसरीत पाय टाकायची तुला जी सवय आहे, ती शहरातल्या पुष्कळ मुलांना नसते.

प्रमाण मराठी शीक, लिहायला लागते. पण जर्मन त्यासाठी थांबवू नकोस. आणि उद्या वर्गात पहिला प्रश्न तू विचार, कसाही.

प्रश्न : वाळूजला मेंटेनन्समध्ये आहे. मशीन जर्मन, मॅन्युअल जर्मन. तीन शिफ्ट. क्लासला वेळ नाही. बोलायचं नाही, फक्त वाचायचं आहे. जमेल का?

जमेल, आणि तुमचं लवकर जमेल, कारण तुम्हाला नेमकं काय हवं ते माहीत आहे. माक्स म्युलर या जर्मन संस्कृत अभ्यासकानं ऋग्वेदाचं, सायणाचार्यांच्या भाष्यासह, संपादन १८४९ ते १८७४ या काळात पुरं केलं आणि तो भारतात एकदाही आला नव्हता. वाचण्याची वाट बोलण्यापेक्षा वेगळी असते आणि ती घरबसल्या चालता येते.

जर्मन तांत्रिक शब्द लांबलचक दिसतात, पण ते जोडशब्द आहेत. शेवटून तोडा. शेवटचा तुकडा मुख्य वस्तू, आधीचे तुकडे ती कसली ते सांगतात. ‘द्रुकलुफ्ट’ म्हणजे दाबाची हवा, ‘श्लाउख’ म्हणजे नळी, ‘द्रुकलुफ्टश्लाउख’ म्हणजे दाबाच्या हवेची नळी. आपल्या ‘पाणीपुरवठा’सारखंच. प्रत्येक शिफ्टला मॅन्युअलचं एक पान घ्या, दहा शब्द तोडा आणि ते ते भाग मशीनवर हात लावून म्हणा. फोनवरच्या भाषांतरावर सुरक्षिततेच्या सूचना सोडू नका. ‘निश्त’ म्हणजे नाही, हा एक शब्द नजरेतून सुटला तर हात जाईल.

प्रश्न : मी हिंगोलीची, वय ६१, सातवी शिकलेली. मुलगा-सून श्टुटगार्टला. नात चार वर्षांची आहे. माझं मराठी तिला समजतं, पण उत्तर सगळं जर्मनमध्ये देते. व्हिडिओवर ती बोलत राहते आणि मी नुसती हसते. या वयात माझ्या डोक्यात काही शिरेल का? सून म्हणते तुम्ही कशाला त्रास घेता.

अक्का, शिरेल. उच्चार नातीसारखा होणार नाही आणि वेग कमी राहील, ते खरं. पण चार वर्षांच्या पोरीशी बोलायला परीक्षा लागत नाही. तुमच्या जिल्ह्यातल्याच नर्सीचे नामदेव महाराज पंजाबात घुमानला जाऊन राहिले, तिकडच्या लोकांच्या भाषेत त्यांनी पदं रचली, आणि त्यातली ६१ गुरुग्रंथसाहेबात आहेत. माणसांसाठी भाषा शिकायची रीत तुमच्या मातीतली आहे.

पहिलं सांगणं, मराठी सोडू नका. नातीला ती फक्त घरातून मिळणार आहे, आणि तिला ती समजते हीच मोठी ठेव आहे. तुम्ही मराठीच बोला. जर्मन तुम्ही तिचं ऐकून समजण्यासाठी शिका.

एकच वाक्य पाठ करा, ‘वास इस्ट डास?’ हे काय आहे? फोनसमोर एक वस्तू धरा. कांदा धरा. ती म्हणेल ‘त्स्वीबल’. तुम्ही म्हणा, कांदा. चाळणी धरा, ती म्हणेल ‘झीप’. लसूण, वाटी, कुंकवाचा करंडा, परसातलं फूल. काही वस्तूंची नावं तिला येणार नाहीत, मग ती आईला विचारायला पळेल. तेवढ्यात सुनेचाही त्रास निघून जाईल, कारण खेळात तीही येईल. नातीला मास्तरीण होऊ द्या. लहान मुलं मास्तर झाली की फार मन लावून शिकवतात, आणि तुम्ही चुकलात की ती सावकाश, स्पष्ट म्हणून दाखवेल. असा मास्तर पैसे देऊनही मिळत नाही.

भुईमुगाची शेंग नक्की धरा. तिला जर्मनमध्ये ‘एर्डनुस’ म्हणतात. एर्ड म्हणजे भुई. तुमच्या भुईमुगातली भुई तिच्याही शब्दात आहे, हे तिला सांगा. हातमोज्याला ते ‘हान्टशू’ म्हणतात, हाताचा बूट. थंडीत ती घालून बसली असेल तेव्हा विचारा. आणि एकवीसपासून अठ्ठावीसपर्यंत दोघी मिळून मोजा, एकदा तिचे आकडे, एकदा तुमचे. दोन्हीकडं लहान आकडा आधी येतो, त्यामुळं चाल एकच लागते.

तिथं आजीला ‘ओमा’ म्हणतात. पण तुम्ही तिला ‘आजी’ म्हणायला लावा. तो शब्द तिच्याकडं तुमच्यामुळंच राहणार आहे.

वेळेचं एक ध्यानात ठेवा. हिवाळ्यात आपल्याकडं रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तिथं दुपारचे चार, ती बालवाडीतून आलेली असते. उन्हाळ्यात ते घड्याळ एक तास पुढं करतात, मग तुम्ही साडेसातला लावा. या रविवारी कांदा आणि शेंग घेऊन बसा, आणि शेंगेतल्या भुईवर ती काय म्हणाली ते मला पत्रानं कळवा.